सहा पेन्सच्या नोंदी : एका एलिझाबेथकालीन पुस्तकविक्रेत्याच्या मागावर

अँड्र्यू वाईज हे नाव इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस लंडनमध्ये, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारात त्याचं पुस्तकांचं दुकान होतं. दुकानावर देवदूताची पाटी, म्हणून पत्ता 'एंजलच्या खुणेपाशी'. १५९७ ते १६०२ या काळात शेक्सपिअरच्या पाच नाटकांच्या मिळून अकरा आवृत्त्या या माणसाच्या नावानं निघाल्या. पैसा त्यानं घातला, धोका त्यानं पत्करला, माल त्यानं विकला. १६०३ नंतर मात्र पुस्तकांवर त्याचं नाव दिसत नाही.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पीएच.डी.साठी वाईज आणि त्याचा धंदा हा विषय घेतला, तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असायचा : "हे इथे बसून कसं होणार?" बरंचसं इथे बसून झालं, उरलेलं लंडनला जाऊन केलं. जाण्याआधी मला सांगणारं कुणी नव्हतं. परत आल्यापासून ओळखीच्या-अनोळखी विद्यार्थ्यांचे फोन येतात. व्हिसा कसा, ग्रंथालयाचा पास कसा, जुनी पुस्तकं हातात देतात का, आणि खर्च किती? म्हणून जे जसं घडलं तसं क्रमानं लिहिते.

सुरुवात २०२३च्या पावसाळ्यात, घरी. एलिझाबेथच्या काळातल्या पुस्तकविक्रेत्याचा माग काढायचा तर पहिलं दार म्हणजे स्टेशनर्स कंपनी. लंडनमधले पुस्तकविक्रेते, छापखानेवाले आणि बांधणीवाले यांची ही संघटना. तिला ४ मे १५५७ रोजी राजसनद मिळाली, एलिझाबेथनं १५५९ मध्ये ती कायम केली. एखादा मजकूर आपल्या मालकीचा आहे असं सभासदाला सांगायचं असेल, तर कंपनीच्या वहीत त्याची नोंद व्हायची. लेखकाचा त्याच्याशी काही संबंध नसे, हक्क सभासदाचा. या वह्यांची १५५४ ते १६४० पर्यंतची नक्कल एडवर्ड आर्बरनं पाच खंडांत छापली, १८७५ ते १८९४ या काळात. ते खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. उतरवून घ्या, आणि पाचवा खंड आधी उघडा, सूची त्यात आहे.

आर्बरमध्ये वाईज पहिल्यांदा भेटतो तो शिकाऊ उमेदवार म्हणून. यॉर्कशायरमधल्या हेन्री वाईज नावाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. २५ मार्च १५८० पासून आठ वर्षांची उमेदवारी. पुढे त्याला केंब्रिजच्या टॉमस ब्रॅडशॉकडे सोपवलं गेलं. २६ मे १५८९ रोजी तो कंपनीचा मुक्त, म्हणजे उमेदवारी संपलेला पूर्ण सभासद झाला. त्यासाठीची नेहमीची फी ३ शिलिंग ४ पेन्स. ही नोंद वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. तोवर तो माझ्यासाठी पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं एक नाव होता. आता त्याला बाप होता, गाव होतं, मालक बदलल्याची तारीख होती.

छापील नक्कल वाचणं सोपं. मूळ वही ज्या अक्षरात आहे, ते 'सेक्रेटरी हँड' नावाचं वळण, आणि ते शिकण्यात माझे बरेच महिने गेले. यात इ हे अक्षर उलटं काढल्यासारखं दिसतं, एचची शेपटी ओळीखाली जाते, सी आणि आर एकमेकांत मिसळतात, यू आणि व्ही एकाच चिन्हानं लिहितात. पीच्या पायाला आडवी रेघ दिली की तिथं 'पर' किंवा 'पार' वाचायचं. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना हे जड जाणार नाही. हात न उचलता लिहिलेलं अक्षर आणि संक्षेप ओळखायची सवय तिथं झालेली असते. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हज्‌च्या संकेतस्थळावर जुनी हस्ताक्षरं वाचायचा मोफत पाठ आहे. मी रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी त्यातल्या चार ओळी उतरवायचे. एका वहीत प्रत्येक अक्षराचे सगळे आकार काढून ठेवले. ती वही पुढे लंडनमध्ये कायम उशाशी होती.

आकड्यांकडे आणि तारखांकडे वेगळं लक्ष द्या. रक्कम रोमन आकड्यांत असते आणि शेवटचा आय हा जेसारखा लांबवलेला असतो. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतली नोंद जुन्या वर्षात पडते. 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागाची नोंद २५ फेब्रुवारीची. आपण तिला १५९८ म्हणतो, तिथल्या कारकुनासाठी अजून १५९७ चालू होतं. काही ठिकाणी वर्ष राणीच्या कारकिर्दीवरून मोजलेलं असतं, तेव्हा १७ नोव्हेंबर १५५८ पासून मोजायचं. मी एक तक्ता करून भिंतीला चिकटवला होता, तुम्हीही करा.

मग कागदपत्रं. संशोधनासाठी जाऊन येणाऱ्याला ब्रिटनचा सहा महिन्यांपर्यंतचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. २०२४च्या वसंतात मी अर्ज भरला तेव्हा त्याची फी ११५ पौंड होती, म्हणजे १२ हजार रुपयांच्या आसपास. आता फी बदलली आहे, सरकारी संकेतस्थळावर पाहूनच हिशेब करा. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. खरी वेळखाऊ गोष्ट त्याआधीची : नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र. रजेचा अर्ज विभागप्रमुखांकडून प्राचार्यांकडे, तिथून संस्थेच्या कार्यालयात, तिथून परत. प्रत्येक टप्प्यावर आवक-जावक क्रमांक टिपून ठेवला, म्हणून फाइल कुठं अडकली आहे ते सांगता आलं. "मॅडम, साहेब दौऱ्यावर आहेत," हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत पुष्कळ ऐकलं. व्हिसाच्या अर्जाला लागणाऱ्या कागदांत हे पत्र, पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मार्गदर्शकांचं पत्र एवढं मी लावलं. मार्गदर्शकांच्या पत्रात कोणत्या ग्रंथालयात काय पाहायचं आहे ते नेमकं लिहून घ्या. त्याच पत्राच्या प्रती पुढे सगळीकडे कामाला येतात. पासपोर्ट जमा केल्यावर तीन आठवडे धाकधूक होती. आईनं तेवढ्यात देव पाण्यात ठेवले होते, हे मला नंतर कळलं.

ब्रिटिश लायब्ररीवर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये मुख्य सूची पुन्हा शोधता येऊ लागली, तरी सगळ्या सेवा लगेच सुरू झाल्या नव्हत्या. म्हणून निघण्याआधी ईमेल करून हव्या त्या पुस्तकांची यादी पाठवली आणि काय मिळेल ते विचारून घेतलं. अशी यादी पाठवताना प्रत्येक पुस्तकाचा एसटीसी क्रमांक द्या. १६४० पर्यंतच्या इंग्रजी छापील पुस्तकांची ही क्रमवारी आहे आणि तिथं सगळे तीच भाषा बोलतात. उदाहरणार्थ, वाईजनं काढलेला १५९७चा 'रिचर्ड द सेकंड' म्हणजे २२३०७. नाव सांगितलं तर चार प्रश्न येतात, क्रमांक सांगितला की काम पुढे सरकतं.

लंडनला पोचले ते जूनमध्ये. हॅरोला एका मराठी कुटुंबाकडे पैसे देऊन राहिले. मावशींनी (मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत होते) सकाळचा डबा दिला नसता तर खर्चाचं गणित पार कोलमडलं असतं. घाई नसेल तेव्हा बसनं जा. तेव्हा तिकीट १ पौंड ७५ पेन्स होतं आणि दिवसभरात कितीही बस बदलल्या तरी ५ पौंड २५ पेन्सच्या वर पैसे कापले जात नव्हते.

ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास फुकट असतो. आधी ऑनलाइन नोंदणी, मग प्रत्यक्ष जाऊन ओळखीचा एक आणि घरच्या पत्त्याचा एक असे दोन मूळ पुरावे दाखवायचे. मी पासपोर्ट आणि इंग्रजीतलं बँक स्टेटमेंट नेलं. अर्जातला पत्ता आणि पुराव्यातला पत्ता शब्दाला शब्द जुळला पाहिजे. आपल्याकडे 'मु. पो.' एकीकडे असतं आणि एकीकडे नसतं, ते निघण्याआधीच बँकेत जाऊन सारखं करून घ्या. काउंटरवरच्या बाईंनी विषय विचारला. मी वाईजचं नाव घेतलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला रेअर बुक्सच्या खोलीत बसावं लागेल," आणि फोटो काढून पास हातात ठेवला. इतकी भीती बाळगली होती, आणि काम चहा गार व्हायच्या आत झालं.

वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी आणि कोट बाहेर कपाटात ठेवायचे, सामान पारदर्शक पिशवीत न्यायचं. हातमोजे लागत नाहीत. हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे. पुस्तक फोमच्या उतरत्या आधारावर ठेवतात आणि पान उघडं राहावं म्हणून कापडी साखळीची वजनं देतात. आत थंडी असते. जूनमध्येही मी स्वेटर घालून बसत होते.

शेक्सपिअरच्या मूळ क्वार्टो (ताव दोनदा दुमडून केलेल्या लहान आकाराच्या) प्रती मागितल्या की आधी डिजिटल प्रत पाहा असं सांगतात, आणि ते योग्यच आहे. इतक्या थोड्या प्रती जगात उरल्या आहेत की दर संशोधकानं त्या उलगडायच्या म्हटल्या तर राहायच्या नाहीत. 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागाच्या सर्वांत जुन्या आवृत्तीचा तर फक्त एक तुकडा शिल्लक आहे, तो वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात. मी वाट वाकडी केली. वाईजनं नाटकांच्या आधी काय विकलं ते मागवलं, आणि माझ्या मते तिथंच त्याचा खरा धंदा दिसतो.

टॉमस प्लेफेअर हा त्या काळातला गाजलेला प्रवचनकार. त्याचं एक प्रवचन १५९५ मध्ये वाईजनं परवानगीशिवाय छापून विकलं आणि कंपनीनं त्याला दंड केला. पुढच्या वर्षी तेच प्रवचन सुधारून, लेखकाच्या संमतीनं निघालं, आणि विक्रेता कोण? पुन्हा वाईजच! माझ्या समोर ठेवलेली प्रत तीच, १५९६ची. तळहातावर मावेल एवढी. कागद चिंध्यांचा, म्हणून चारशे वर्षांनंतरही लवचीक. उजेडाकडे धरलं की साच्यातल्या तारांच्या समांतर रेघा दिसतात. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला, म्हणजे जुळाऱ्याची आणि बांधणाऱ्याची चूक होऊ नये. प्रस्तावनेत प्लेफेअर तक्रार करतो की माझ्या संमतीविना हे दोनदा छापलं गेलं. ज्यानं छापलं त्याच्याच दुकानात ही तक्रारही विकायला होती. मला यात वाईजची हुशारी दिसते. लेखक चिडला होता, पण पुस्तक खपतं हे दोघांनाही कळलं होतं.

अर्पणपत्रिका वाचताना मी थबकले. ती लेडी एलिझाबेथ कॅरी यांना आहे. टॉमस नॅशचं १५९३चं एक पुस्तकही वाईजच्या दुकानात विकायला होतं, तेही कॅरी घराण्यातल्या एलिझाबेथलाच अर्पण. या बाईंचे पती जॉर्ज कॅरी, लॉर्ड हन्सडन. १५९७च्या एप्रिलमध्ये ते राणीचे लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे दरबाराची व्यवस्था पाहणारे बडे अधिकारी झाले, आणि शेक्सपिअर ज्या नाटक कंपनीत होता तिचे आश्रयदाते तेच. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वाईजच्या नावावर शेक्सपिअरचं पहिलं नाटक नोंदलं गेलं. हे धागे अभ्यासकांनी आधीच जोडलेले आहेत, मी पहिली नाही. तरीही अर्पणपत्रिकेचं पान स्वतः उलटून ते नाव वाचताना जे वाटलं, ते कोणत्याही शोधनिबंधातून मिळालं नव्हतं. पॉल्सच्या आवारात कितीतरी दुकानं असताना नाटकं याच माणसाकडे का आली, याचं एक पटणारं उत्तर त्या पानात आहे.

संध्याकाळी मावशींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडत बसायचे. 'हेन्री द फोर्थ'चा १५९८चा क्वार्टो ४० पानांचा, म्हणजे दोन्ही बाजू धरून ८० पृष्ठांचा. क्वार्टोत एका तावातून आठ पृष्ठं निघतात, म्हणजे एका प्रतीला दहा ताव. कंपनीनं १५९८ मध्ये किमतीवर मर्यादा घातली होती : नेहमीच्या आकाराच्या खिळ्यांत छापलेलं असेल तर दोन तावांना एक पेनी. त्या हिशेबानं ५ पेन्स. नाटकाचं पुस्तक साधारण ६ पेन्सना मिळायचं, आणि तेही बांधणीशिवाय, नुसती शिवण घातलेलं. पीटर ब्लेनी या अभ्यासकांचा अंदाज असा की नाटकाची पहिली आवृत्ती ८०० प्रतींची धरावी आणि घाऊक भाव ४ पेन्स. म्हणजे सगळ्या प्रती घाऊक गेल्या तरी हातात १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. त्यातून हस्तलिखिताचे पैसे, छापणावळ आणि कागद. कागद बहुतेक फ्रान्सहून यायचा, आणि ८०० प्रतींना दहा तावांप्रमाणे आठ हजार ताव म्हणजे सोळा रीम. हे पैसे वाईजला आधी मोजावे लागत. प्रती पडून राहिल्या तर नुकसान त्याचं एकट्याचं. छापखानेवाल्या पीटर शॉर्टला त्याची मजुरी मिळालेली असे.

प्रती मात्र पडून राहिल्या नाहीत. 'रिचर्ड द सेकंड'ची १५९७ मध्ये एक आणि १५९८ मध्ये दोन अशा तीन आवृत्त्या निघाल्या. पहिलीवर लेखकाचं नावच नाही. १५९८च्या आवृत्तीवर ते आलं. शेक्सपिअरचं नाव छापलं की पुस्तक खपतं, हे लंडनमध्ये ज्या दोघांच्या लक्षात त्या वर्षी आलं त्यातला एक वाईज, दुसरा कथबर्ट बर्बी.

गिऱ्हाइकाची बाजू कळायलाही एक कागद आहे. रिचर्ड स्टोनली नावाचा सरकारी खजिन्यातला अधिकारी रोजचा खर्च टिपून ठेवायचा. १२ जून १५९३ रोजी त्यानं शेक्सपिअरचं 'व्हीनस अँड अडोनिस' आणि फ्रान्सवरचं एक पुस्तक मिळून १२ पेन्सना घेतल्याची नोंद आहे. ही वही फोल्जरकडे आहे. तिचं छायाचित्र, आणि स्टेशनर्सच्या वहीतल्या शेक्सपिअरसंबंधीच्या पानांची छायाचित्रं, त्यांच्या 'शेक्सपिअर डॉक्युमेंटेड' या संकेतस्थळावर घरबसल्या मोफत पाहता येतात. ज्यांना लंडन परवडत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. निम्मं काम होतं.

स्टेशनर्स हॉल पॉल्सपासून चालत पाच मिनिटांवर, एव्ह मारिया लेनमध्ये आहे. तिथल्या अभिलेखागारात आधी वेळ ठरवल्याशिवाय जाता येत नाही. मी भारतातून निघण्याच्या बऱ्याच आधी पत्र पाठवलं होतं. काय पाहायचं, छायाचित्रांवर काम का भागत नाही, हे दोन परिच्छेदांत लिहिलं. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा तिकिटं काढण्याआधी विचारा. आजची ही वास्तू वाईजच्या वेळची नव्हे. कंपनीनं ही जागा १६०६ मध्ये घेतली, आणि १६६६च्या आगीनंतर हॉल नव्यानं बांधावा लागला. वह्या मात्र वाचल्या.

एका नोंदीबद्दल सविस्तर सांगते. २३ ऑगस्ट १६००. डाव्या समासात दोन नावं, अँड्र्यू वाईज आणि विल्यम ॲस्प्ली. मजकूर दोन पुस्तकांचा : 'मच अडू अबाउट नथिंग' आणि 'हेन्री द फोर्थ'चा दुसरा भाग, 'सर जॉन फॉल्स्टाफच्या गमतींसह'. पुढे, लेखक मास्टर शेक्सपिअर. स्टेशनर्सच्या वहीत हे नाव पहिल्यांदा येतं ते इथे. उजवीकडे रक्कम, १२ पेन्स, म्हणजे पुस्तकामागे सहा. कारकुनाचं अक्षर सरळ, घाईचं. त्याच्या लेखी शेक्सपिअर आणि वरच्या-खालच्या नोंदींतले प्रवचनकार एकाच मापाचे. मी पेन्सिलीनं ओळ न ओळ उतरवली, मग आर्बरशी ताडून पाहिली. आदल्या वर्षी घरी गिरवलेली सगळी अक्षरं ओळखीची निघाली, आणि मला भरून आलं.

त्याआधीच्या तीन नोंदीही अशाच पाठोपाठ वाचाव्यात. २९ ऑगस्ट १५९७ला 'रिचर्ड द सेकंड', वॉर्डन (कंपनीचे पदाधिकारी) मॅन यांच्या सांगण्यावरून, ६ पेन्स. २० ऑक्टोबरला 'रिचर्ड द थर्ड', मास्टर बार्लो आणि वॉर्डन मॅन यांच्या सहीनं, ६ पेन्स. फेब्रुवारीतल्या 'हेन्री द फोर्थ'वर मास्टर डिक्स आणि तेच वॉर्डन मॅन. दोन-दोन सह्या का, तर मजकुराला चर्चच्या माणसाची मान्यता आणि कंपनीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १५८६च्या स्टार चेंबर या राजदरबारी न्यायालयाच्या हुकमानं कँटरबरीचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप यांच्याकडे मान्यतेचा अधिकार दिला होता. हे किती गंभीर होतं ते १५९९च्या जूनमध्ये दिसलं : बिशपांनी उपरोधिक कवितांवर बंदी घातली आणि पुस्तकं स्टेशनर्स हॉलमध्ये जाळली गेली. वाईजच्या तिन्ही 'रिचर्ड द सेकंड'मध्ये राजाला पदच्युत करण्याचा प्रसंग नाही. तो छापला गेला १६०८ मध्ये, राणी गेल्यावर. ज्याला धंदा करायचा होता त्याला या सगळ्यातून वाट काढावी लागत होती.

एका रविवारी ब्लेनींनी काढलेला पुस्तकांच्या दुकानांचा नकाशा घेऊन पॉल्सच्या आवारात गेले. आवारात फिरायला तिकीट लागत नाही. ईशान्येच्या बाजूला १९१० मध्ये उभारलेला एक उंच स्तंभ आहे. तिथंच जवळ पॉल्स क्रॉस हा उघड्यावरचा प्रवचनाचा चौथरा होता, त्याच्या पायाची खूण फरसबंदीत केली आहे. दुकानं या चौथऱ्याभोवती आणि कॅथीड्रलच्या भिंतींना लागून. खिडकीची फळी खाली पाडली की तिचाच काउंटर व्हायचा. पुस्तकाचं पहिलं पान जास्त छापून खांबांवर चिकटवत, म्हणून त्यावर नाव-गाव-खूण सगळं ठळक असे. पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय हवं, काय घेता?" म्हणून हाका मारत. प्रवचन ऐकायला जमलेली गर्दी पाहिली की प्लेफेअरचं पुस्तक इथं का खपलं हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. शेजारची पॅटर्नोस्टर रो ही नंतरच्या काळातली पुस्तकांची गल्ली २९ डिसेंबर १९४०च्या बॉम्बवर्षावात जळाली, लाखो पुस्तकांसकट. वाईजच्या काळातलं काहीच तिथं उभं नाही, आणि तरी अंतरं तीच आहेत. दुकानापासून चौथरा किती पावलांवर, हे चालूनच कळतं.

एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे त्या टॉमस बॉडलींनी १६१२ मध्ये आपल्या ग्रंथपालाला लिहिलं होतं की नाटकांची पुस्तकं म्हणजे कचरा, ती ठेवू नयेत. वाईज जो माल विकत होता त्याला शहाणीसुरती माणसं असं मोजत होती. आज त्याच पुस्तकांना हात लावायला लेखी कारण द्यावं लागतं.

शेवटची नोंद २५ जून १६०३ची. 'रिचर्ड द सेकंड', 'रिचर्ड द थर्ड' आणि 'हेन्री द फोर्थ'चा पहिला भाग यांचे हक्क मॅथ्यू लॉ या दुसऱ्या विक्रेत्याच्या नावे झाले. तीन महिन्यांपूर्वी राणी वारली होती. लंडनमध्ये प्लेग पसरत होता. त्या वर्षात ३० हजारांहून जास्त माणसं त्यानं नेली. वाईजनं दुकान का मोडलं ते वही सांगत नाही. तेरा-चौदा वर्षांचा धंदा एका ओळीत दुसऱ्याच्या नावावर गेला, एवढंच ती सांगते. ही ओळ उतरवून झाल्यावर मी बाहेर जाऊन थोडा वेळ बाकावर बसले.

परत आल्यावरचं काम कंटाळवाणं, पण तेही सांगायला हवं. फोनवर काढलेल्या छायाचित्रांना त्याच रात्री नावं द्या : ग्रंथालय, क्रमांक, पान. महिन्याभरानं सगळी पानं सारखी दिसतात. छायाचित्र प्रबंधात किंवा लेखात छापायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी मागावी लागते आणि काही ठिकाणी शुल्क पडतं, तेव्हा तिथं असतानाच विचारून घ्या. परत रुजू होताना कार्यालयानं पास आणि भेटीच्या वेळेचे ईमेल छापून मागितले. मी सगळं जपून ठेवलं होतं म्हणून रजेचा प्रश्न आला नाही. खर्चाचा सर्वांत मोठा भाग विमानाचं तिकीट आणि राहणं. पास, वाचनकक्ष, ऑनलाइन पाठ, आर्बर, फोल्जरची छायाचित्रं यांना एक रुपया लागला नाही.

आता विल्यम ॲस्प्लीची कागदपत्रं काढली आहेत. वाईजचा हा भागीदार धंद्यात टिकून राहिला, आणि १६२३च्या शेक्सपिअर फोलिओच्या, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहाच्या शेवटी ज्यांच्या खर्चानं पुस्तक छापलं त्यांत त्याचंही नाव आहे. त्याच्या उमेदवारीची नोंद आर्बरच्या दुसऱ्या खंडात शोधते आहे. कुणाला याच काळातल्या विक्रेत्यांवर काम करायचं असेल तर माझी अक्षरांची वही आणि तारखांचा तक्ता स्कॅन करून पाठवेन.